सिंकजवळचा सॉकेट हलवला, त्याला आता नऊ महिने झाले

आमच्या स्वयंपाकघरातला 16 अँपिअरचा सॉकेट नळापासून जेमतेम हातभर अंतरावर होता. भांडी घासताना शिंतोडे थेट प्लेटवर उडायचे. ओल्या हाताने बटण दाबताना दर वेळी छातीत धस्स व्हायचं. शेवटी तो पॉइंट ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, कोरड्या भिंतीवर नेला. त्यावर मिक्सर, ओव्हन, किटली सगळं रोज चालतंय.

पहिला कारागीर म्हणाला, "ताई, जुन्या वायरीला जॉइंट मारून पुढे नेतो, टेप गुंडाळून वरून गिलावा केला की काम संपलं." मी ठाम नाही म्हटलं, आणि आजही तेच बरोबर वाटतं. जॉइंट सैल झाला की तिथे रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो आणि जास्त लोड लागला की तिथेच तापतं. करंट मात्र मर्यादेतच असतो, त्यामुळे एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही. म्हणजे गिलाव्याच्या आत वायर जळत राहील आणि आपल्याला पत्ताही लागणार नाही.

दुसऱ्या, परवानाधारक वायरमनने थेट डीबीपासून, म्हणजे एमसीबी असतात त्या मुख्य बोर्डापासून, नवीन सर्किट ओढलं. फेज आणि न्यूट्रल 4 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचे, सोबत अर्थिंगची वायर, आणि मध्ये एकही जॉइंट नाही. जुना बॉक्स उघडला तेव्हा त्यातही एक जॉइंट सापडला. त्याची काळी टेप बोटात धरली तर पापडासारखी तुकडे तुकडे झाली आणि खालचं वायरीचं आवरण तपकिरी पडलेलं दिसलं. ते बघून माझ्या अंगावर काटा आला.

त्यांची कामाची पद्धत मला फार आवडली. एमसीबी खाली करून त्यावर चिकटपट्टी लावली, घरात सगळ्यांना सांगितलं. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून पाहिला, मग इथे, मग परत चालू पॉइंटवर, कारण टेस्टरच बिघडलेला असला तर मेलेली वाटणारी वायर जिवंत असू शकते. भिंतीत पाईपसाठी झिरी (लांब खाच) मारताना छिन्नी एका जुन्या पाईपला लागली. आधीची वायरिंग तिरकी गेली होती, कुणाला अंदाज येणार? नवीन पाईप आम्ही सरळ उभा आणि सरळ आडवाच घेतला. गिलाव्याआधी झिरीला मोजपट्टी लावून फोटो काढले. वीज सुरू करण्यापूर्वी 500 व्होल्टवर इन्सुलेशनची, म्हणजे वायरीच्या आवरणातून वीज गळत नाही ना याची, चाचणीही झाली. रोध किमान 1 मेगओहम हवा असतो, आमचा त्याहून कितीतरी जास्त आला.

तिसऱ्या महिन्यात ओव्हन अर्धा तास चालल्यावर प्लग हाताला चांगलाच गरम लागला. ओव्हन तेव्हाच बंद केला. वायरमनने उघडून पाहिलं तर न्यूट्रलचा स्क्रू किंचित सैल होता. घट्ट केल्यापासून त्रास नाही, पण मोठं उपकरण चाललं की प्लगवर हात ठेवून बघायची सवय मी सोडलेली नाही.

पाचव्या महिन्यात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडला. वाटलं, नव्या वायरिंगचाच दोष. सगळी उपकरणं काढून एकेक लावलं, तर किटली लावली की पुन्हा पडायचा. तिच्या कॉइलमधून गळती होत होती. आरसीसीबी नसता तर हे कळायला कदाचित कुणाला तरी शॉक बसावा लागला असता. त्यावरचं टेस्ट बटण मी आता दर महिन्याला दाबते.

सहाव्या महिन्यात फळी लावायची होती. ड्रिलची खूण केली आणि फोटो काढून पाहिले. पाईप खुणेपासून तीन बोटांवर होता. फळी सरकवून लावली.

एक चूक मात्र आमच्या नियोजनात राहिली. सॉकेट आणि त्याचा स्विच एकाच प्लेटवर घेतला आणि आता ती प्लेट ओव्हनच्या मागे गेली आहे. बंद करायला ओव्हनवरून हात घालावा लागतो. काही पेटलं तर तिथे हात पोचणार नाही, ही गोष्ट मला रोज खटकते. स्विच वेगळ्या बॉक्समध्ये, मोकळ्या जागी हवा होता. पाईप 25 मिलिमीटरचा घेतल्यामुळे आत जागा शिल्लक आहे, त्यामुळे स्विचपुरती छोटी झिरी मारून भागेल. वायरमन पुढच्या आठवड्यात येणार आहेत.