ब्लूटूथ ओबीडी डोंगल: कोडपेक्षा फ्युएल ट्रिम बघा

सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतली तेव्हापासून चेक इंजिनचा दिवा अधूनमधून लागायचा. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, पी०१७१ हा दोषाचा कोड निघाला, म्हणजे मिश्रण लीन (पातळ): पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायला लावला. थोड्याच दिवसांत दिवा परत हजर, आणि आता म्हणे इंजेक्टर! तिथे माझं डोकं फिरलं. गाडी घरी आणली आणि स्वतःचा ओबीडी डोंगल मागवला, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून तिचे कोड आणि डेटा ब्लूटूथने फोनवर दाखवणारा छोटा स्कॅनर.

सुरुवातीला तो टाकाऊच वाटला. पी०१७१ तर गॅरेजवालाही सांगत होता. मत बदललं ते लाइव्ह डेटातल्या फ्युएल ट्रिममुळे. ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, पेट्रोल किती टक्के वाढवावं किंवा कमी करावं लागतंय, ते हा आकडा सांगतो. साधारण उणे १० ते अधिक १० च्या आत असला की काळजी नाही. माझ्या गाडीत शॉर्ट टर्म (त्या क्षणाचा) आणि लाँग टर्म (मुरलेला) ट्रिम मिळून आयडलला, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, अधिक २२ च्या आसपास, पण २५०० आरपीएमवर धरली की ५ पर्यंत उतरायचा. या एका फरकात निम्मं निदान आहे. इनटेकमध्ये कुठून तरी हवा शिरत असेल, तर आयडलला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण तेव्हा इंजिन मुळात हवा कमी ओढतं आणि चोरट्या हवेचा वाटा मोठा होतो. फ्युएल पंप कमजोर असेल किंवा फिल्टर तुंबला असेल, तर उलट लोड वाढल्यावर ट्रिम चढतो.

मग बॉनेट उघडून व्हॅक्यूमचे पाइप तपासले. इनटेक मॅनिफोल्डमागच्या रबरी पाइपला वळणावर, खालच्या बाजूने चीर होती. वरून काहीच दिसत नव्हतं. बोटाने दाबली की सूं सूं थांबायची, आयडल सरळ व्हायचा आणि फोनवरचा ट्रिम डोळ्यांदेखत उतरायचा. वीतभर पाइप बदलला, दिवा गेला. महागडा सेन्सर बदलायची गरजच नव्हती, आणि हा राग अजून गेलेला नाही. पातळ मिश्रण दाखवणं हे त्या सेन्सरचं कामच होतं, ते तो चोख करत होता!

दुसरा राग कोड पुसायच्या सवयीवर. गॅरेजमध्ये आधी ‘क्लिअर’ दाबतात. त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे दोष आला तेव्हाचे आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान सगळं साफ. पुसण्याआधी स्क्रीनशॉट घ्याच.

पुढे एकदा पी०३०३ आला, तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, म्हणजे तिथे पेट्रोल नीट पेटत नव्हतं. गाडी बंद करून तिसऱ्याची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) पहिल्यावर, पहिल्याची तिसऱ्यावर लावली. आता पी०३०१, पहिल्याचा मिसफायर आला, म्हणजे कॉइलच गेलेली. प्लग, इंजेक्टर कशालाच हात लावावा लागला नाही. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लावतं.

तक्रारी आहेतच. कनेक्शन मध्येच तुटतं, एबीएस आणि एअरबॅगचे कोड माझा डोंगल वाचत नाही. शिवाय गाडी बंद असतानाही तो बॅटरीतून करंट घेतो, म्हणून गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर मी तो काढून ग्लव्हबॉक्समध्ये टाकतो.