विडार : व्हीसीबीची बॉटल तपासायला चांगला, पण ४० केव्हीवरच लावा

११ केव्ही (हजार व्होल्ट) व्हीसीबी म्हणजे व्हॅक्यूम सर्किट ब्रेकर. त्याच्या बॉटलमधला (काँटॅक्ट ज्यात उघडतात-मिटतात त्या हवाबंद नळीतला) व्हॅक्यूम शाबूत आहे का, हे ५ केव्हीच्या मेगरिंगवर (इन्सुलेशनचा रोध मोजण्यावर) खात्रीने कळत नाही. मेगर कंपनीचा ‘विडार’ हा टेस्टर नेमकं तेवढंच तपासतो. १० ते ६० केव्ही डीसी, हिरवा दिवा लागला तर पास, लाल लागला तर फेल. एका माणसाला सहज उचलता येतो आणि मिनिटाभरात एक फेज होतो.

खरी मेख व्होल्टेज निवडण्यात आहे. बॉटल अर्धवट गळकी असेल तर काही शे व्होल्टलाच आत डिस्चार्ज होतो. ती लगेच पकडली जाते. फसवते ती पूर्ण हवा भरलेली बॉटल. उघड्या काँटॅक्टमधल्या साधारण १० मिमी गॅपमधली हवा ३० केव्हीच्या आसपास तुटते, म्हणजे २५ केव्हीवर मेलेली बॉटलसुद्धा हिरवा दिवा दाखवेल! ब्रेकरची एसी चाचणी २८ केव्हीची, तिच्या लहरीचं शिखर ३९.६ केव्ही. म्हणून ४० केव्हीच लावायचे.

ब्रेकरची ट्रॉली पॅनलबाहेर काढा, ब्रेकर पूर्ण ओपन ठेवा. बॉटलचा सिरॅमिक भाग कोरड्या फडक्याने नीट पुसा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, बाहेरून चढलेल्या ओलीमुळेही लाल दिवा लागतो आणि चांगली बॉटल भंगारात जाते.

पुसूनही लाल आला तर विडारच्या प्लस-मायनस क्लिपा उलटवून पुन्हा लावा. आधीच्या ट्रिपिंगमध्ये तांबे-क्रोमियमच्या काँटॅक्टवर सूक्ष्म टोकं उरलेली असतात. टोक निगेटिव्ह बाजूला आलं की तिथून इलेक्ट्रॉन सुटतात आणि व्हॅक्यूम उत्तम असूनही ब्रेकडाउन होतो. एकाच दिशेला फेल होत असेल तर बॉटल बदलायची घाई नको. २८ केव्हीची एसी हायपॉट (उच्च व्होल्टेजची) चाचणी करून मगच ठरवा. दोन्ही दिशांना फेल झाली तर मात्र बदलाच.

चाचणी चालू असताना दोन-तीन मीटर लांब उभं राहा. पूर्ण गॅपला एक्स-रे नगण्य असतात, गॅप कमी राहिला किंवा व्होल्टेज वाढवलं की वाढतात. नंतर दोन्ही टोकं आणि मधली शील्ड रिंग बाहेर उघडी असेल तर तीही डिस्चार्ज रॉडने अर्थ करा (जमिनीशी जोडा), चार्ज तिथे अडकून राहतो.

आतला दाब किती, बॉटल अजून किती वर्षं चालेल, हे विडार सांगत नाही. दाबासाठी मॅग्नेट्रॉन ही वेगळी चाचणी लागते. काँटॅक्टची झीजही यात दिसत नाही, ती बॉटलच्या हलत्या दांड्यावरच्या (स्टेमवरच्या) खुणेवरून पाहायची.

देखभालीची कंत्राटं घेणाऱ्यांनी जरूर घ्यावा. एकदोन पॅनलच्या कारखान्याने विकत न घेता वर्क ऑर्डरमध्येच ‘४० केव्ही डीसी, दोन्ही पोलॅरिटी’ (म्हणजे क्लिपा सुलट आणि उलट) असं लिहून घ्यावं.