बिडाचा तवा: संक्रांतीपासून गौरी-गणपतीपर्यंतचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते. घावन, आंबोळी, थालीपीठ, धिरडी हे तुमच्या घरात आठवड्यातून दोन-तीनदा होत असेल तर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, तवा घ्याच. रोजच्या पोळ्यांसाठी घेणार असाल तर नका घेऊ. नॉनस्टिक टाकून द्यायचंय म्हणून घेणार असाल, तर पुढचं सगळं वाचून मग ठरवा.

माझा तवा ११ इंची, सपाट, दोन्ही बाजूंना कान असलेला, वजनाला अडीच किलोच्या आतबाहेर. संक्रांतीच्या आधी गावातल्या भांड्यांच्या दुकानातून घेतला, साधारण बाराशेला पडला. लांब दांड्याचा तवाही तिथे होता. पण भरलेला तवा एका हाताने, तोही एका टोकाला धरून उचलायचा म्हणजे मनगटाचे हाल, म्हणून कानांचा घेतला. हे कान तव्याइतकेच तापतात. जाड फडकी दोन लागतात आणि ती कोरडी लागतात. ओल्या फडक्यातून चटका लगेच पोचतो.

घेताना एकच गोष्ट बघा: वरचा पृष्ठभाग. वितळलेलं बीड वाळूच्या साच्यात ओतून तवा करतात, त्यामुळे ओतलेल्या तव्याला वाळूचा खरखरीतपणा उतरतो. काही तवे नंतर मशीनवर घासून गुळगुळीत करतात, काही तसेच काळं तेल लावून विकतात. खरखरीत तवाही वापरून वापरून वळतो, म्हणजे तेल बसून न चिकटणारा होतो, पण त्याला वेळ लागतो आणि तेवढ्या दिवसांत घरचे कंटाळतात. दोन-तीनशे जास्त गेले तरी घासलेला घ्या.

'प्री-सीझन्ड', म्हणजे तेलाचा थर आधीच बसवलेला, असं लेबल असलं तरी पहिल्या दिवशी आंबोळी घालायला जाऊ नका. तेल खूप तापलं की त्याचे रेणू एकमेकांत गुंफून पातळ, कडक थर तयार होतो. तव्याला लागणारं 'वळण' म्हणतात ते हेच. थर पातळ बसला तरच टिकतो. तवा गरम करायचा, थोडं शेंगदाणा तेल फडक्याने सगळीकडे चोळायचं आणि मग जणू चुकून लागलंय अशा थाटात कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. नंतर धूर निघेपर्यंत तापवायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा तेच. तेल जास्त राहिलं तर थर कडक होत नाही, चिकट गोंद होतो आणि पहिलंच धिरडं त्यात रुतून बसतं. जवसाच्या तेलाचं कौतुक बरंच ऐकलं होतं. शेजारणीने लावलं, चकाकी सुरेख आली, पण पुढे पापुद्रे सुटायला लागले. मी शेंगदाणा तेलावरच थांबले. पहिले काही आठवडे भजी-पुऱ्या तळून उरलेलं तेल चोळणं, कांदा परतणं, असलीच तेलकट कामं या तव्याकडे दिली. वळण त्यातूनच लागलं.

आता घावन, कारण तवा घेतला तोच त्यासाठी. सासूबाई वेंगुर्ल्याच्या. नॉनस्टिकवरच्या माझ्या घावनांना त्या इतकी वर्षं 'बरे झालेत' एवढंच म्हणत आल्या, आणि त्या 'बरे'चा अर्थ घरात सगळ्यांना कळायचा. पीठ तेच होतं: जाडा तांदूळ चार-पाच तास भिजवून अगदी बारीक वाटायचा, मीठ घालून ताकाइतकं पातळ करायचं. तांदूळ खाली बसतो, म्हणून दरवेळी तळापासून ढवळून मगच वाटी भरायची. अडचण पिठाची नव्हतीच, तव्याची होती. पातळ नॉनस्टिक तव्यावर गार पीठ पडलं की तवा तिथल्या तिथे थंड होतो, पाण्याची वाफ हळूहळू होते आणि घावन गुळगुळीत, पांढरं, रबरी होतं. बिडाच्या जाड तव्यात उष्णता साठलेली असते. पीठ पडताक्षणी पाण्याची वाफ होऊन ती वर फुटते, आणि तीच जाळी.

ते जमतं तेव्हा कसं दिसतं तेही लिहिते, म्हणजे तुम्हाला पडताळता येईल. तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की तो नुसता चरचरून आटत नाही, गोळी होऊन पळतो. त्यानंतर आच किंचित कमी करायची. नारळाची शेंडी तेलात बुडवून तवाभर फिरवायची (अर्धा कांदाही चालतो, पण शेंडी काठापर्यंत नीट पोचते). वाटीने पीठ कडेकडून ओतत मध्यावर यायचं. पळीने पसरायचं नाही. पसरलं की जाळी मोडते. ओतताना 'चर्र' असा लांब आवाज येतो आणि पिठामागोमाग भोकं उमटत जातात. मोकळी जागा राहिली तर तिथे दोन थेंब सोडायचे. झाकण ठेवायचं, मिनिटाभरात कड आपणहून उचलली जाते. कालथा तिथे घालायचा, आधी नाही. उलटायचंही नाही, चौघडी घालून ताटात. सोबत नारळाचा रस आणि गूळ असेल तर घरात पुढचा अर्धा तास कोणी बोलत नाही.

आंबोळीला उलट वागवावं लागतं. तीन वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, थोडी मेथी, आंबवलेलं दाटसर पीठ. आच मंद, थर जाड, झाकण घट्ट. इतक्या जाड पिठाला खालून करपू न देता आतून शिजवायचं तर बिडासारखा तवा नाही. काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर खाल्लेली आंबोळी तव्यावरून उतरल्यावर लगेच खावी. डब्यात ती जाते, पण मग ती साधी आंबोळी राहते.

थालीपिठाच्या बाबतीत माझ्या माहेरच्या पद्धतीला मुरड घालावी लागली. आमच्याकडे गोळा थेट तव्यावर थापतात. पहिलं झालं की तवा पाण्याखाली धरून गार करायचा आणि दुसरं थापायचं. ॲल्युमिनियमच्या किंवा पत्र्याच्या तव्याला ते चालतं. बिडात २ ते ४ टक्के कार्बन असतो. त्यामुळे ते शुद्ध लोखंडापेक्षा बऱ्याच कमी तापमानाला, १,२०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि साच्यात सहज वाहतं. पण त्याच कार्बनपायी ते ठिसूळही असतं. लोखंडी पत्रा आपटला तर वाकतो, बीड आपटलं तर तडकतं. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतलं तरी तडकू शकतं. म्हणून आता मी ओल्या सुती फडक्यावर थापते, बोटाने पाच भोकं पाडते आणि फडक्यासकट तव्यावर उलटं टाकून फडकं सोडवून घेते. भोकांत आणि कडेने तेल, वर झाकण. भाजणीचं थालीपीठ या तव्यावर जितकं खमंग होतं तितकं मी कुठल्याच तव्यावर केलेलं नाही. वरचा पापुद्रा कुरकुरीत, आत मऊ, आणि धण्या-जिऱ्याचा वास जिन्यापर्यंत. उपवासाचं साबुदाण्याचं थालीपीठसुद्धा यावर न चिकटता सुटतं, हे मला खरं वाटलं नसतं.

पावसाळ्यात रात्री काही करावंसं वाटत नाही तेव्हा टोमॅटो ऑम्लेट, म्हणजे आपलं बेसनाचं. टोमॅटो आंबट असला तरी दोन मिनिटांच्या भाजण्याने तव्याचं काही बिघडत नाही. बिघडतं ते चिंच, कोकम, टोमॅटोचा रस त्यात शिजवत ठेवल्यावर. आंबट थर खातं आणि पदार्थ काळपट पडतो, तोंडात लोखंडाची चव येते. तव्यावरचं पिठलं मात्र करून बघितलं आणि सोडून दिलं. सपाट तव्याला काठ नाही, ओटा पुसण्यात जीव जातो. त्याला खोलगट तवाच हवा.

सणांचं म्हणाल तर तव्याने सगळीकडे सारखी साथ दिली नाही. संक्रांतीच्या गुळपोळ्या मी जुन्या लोखंडी तव्यावरच केल्या आणि पुढेही तशाच करीन. गुळपोळीतून गूळ बाहेर आला की करपायला क्षण पुरतो. अशा वेळी आच कमी केल्याबरोबर तवा निवायला हवा, आणि बीड निवत नाही. गॅस बंद केला तरी ते आपल्या गतीने तापलेलंच राहतं. हेच कारण रोजच्या पोळीला नडतं. पोळीला आच सारखी कमी-जास्त करावी लागते, शिवाय चार पोळ्यांसाठी आठ-दहा मिनिटं तवा तापवत बसणं म्हणजे गॅसची नासाडी.

होळीची पुरणपोळी मात्र अप्रतिम. तिला घाई नको असते, मंद आणि सारखी आच हवी असते. फक्त एक पथ्य: बिडात उष्णता ॲल्युमिनियमइतकी झटपट पसरत नाही, म्हणून मोठ्या आचेवर तापवलं तर मधे गोल करपतं आणि कड कच्ची राहते. लहान आचेवर निवांत तापवा. खानदेशात मातीच्या उलट्या खापरावर भल्यामोठ्या पुरणपोळ्या भाजतात, तिथे माझ्या ११ इंचांचं कोणी कौतुक करणार नाही. पण आमच्या स्वयंपाकघरात त्या दिवशी एकही पोळी फुटली नाही, आणि पुरण सैल झालं होतं तरी.

नागपंचमीला तवा चुलीवर ठेवत नाहीत, त्या दिवशी पुरणाचे दिंड उकडले. बाकी श्रावणभर धिरडी चालूच होती. मग गौरी. आमच्याकडे गौरीच्या नैवेद्याला घावन-घाटलं असतं: घावन आणि तांदळाच्या पिठाचं, गूळ-नारळ घातलेलं घाटलं. सासूबाईंनी पहिलं घावन उजेडाकडे धरून जाळी बघितली, तेल लावायची शेंडी माझ्या हातून घेतली आणि बाकीचे स्वतः घातले. माझ्या लेखी ती पावती.

त्याच दिवशी त्यांनी नियमही घालून दिला: "ह्या बिड्यावर मासे नको हं, त्याला दुसरा तवा ठेव." रव्यातला बांगडा यावर झकास होईल याबद्दल मला शंका नाही, पण त्यांचं म्हणणं पटतं. तेलाच्या थरात वास मुरतो. मीठ टाकून तवा तापवला तर बराच जातो, सगळा जात नाही. ज्या घरी नैवेद्यही होतो आणि मासेही, त्यांनी दोन तव्यांचा हिशेब आधीच धरावा.

देखभालीबद्दल फार बाऊ केला जातो. 'साबण अजिबात नको' ही जुनी गोष्ट आहे. पूर्वी साबणात तीव्र क्षार असायचा. आजच्या सौम्य लिक्विडने बसलेला थर निघत नाही. थर निघतो तो तारेच्या घासणीने. म्हणून आमच्या मावशींना सांगून ठेवलंय, "मावशी, हा तवा राहू दे, मी बघते," आणि मोरीत तो जातच नाही. कोमट असतानाच काथ्याने आणि गरम पाण्याने धुते, गॅसवर कोरडा करते, तेलाचं बोट फिरवते. भिजत ठेवायचा नाही, एवढं पाळलं की झालं. जुलैत चार दिवस गावी गेलो तेव्हा ओट्याखाली ठेवलेल्या तव्याच्या कडेला तांबूस गंज दिसला. काथ्याने मीठ चोळलं, पुन्हा दोनदा तेल लावून तापवला, गेला. नॉनस्टिकला ओरखडा पडला की तो कायमचा, इथे सगळं दुरुस्त होतं. फक्त तडा नाही.

लोहाबद्दल प्रत्येक दुकानदार बोलतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, त्यामुळे ऐकायला बरं वाटतं. पण लोह पदार्थात उतरतं ते ओलं आणि आंबट काहीतरी बराच वेळ शिजलं तर. तेलाने वळलेल्या तव्यावर दोन मिनिटांत भाजलेल्या घावनात फार उतरत नाही. लोखंडी कढईतली भाजी त्यासाठी बरी. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांकडे जा, तव्यावर विसंबू नका. नॉनस्टिकच्या भीतीचंही तसंच: तो थर साधारण २६० अंशांच्या पुढे बिघडायला लागतो, म्हणजे रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला तर. मंद आचेवरचं अंडं करायला मी अजून नॉनस्टिकच काढते.

काचेच्या इंडक्शन शेगडीवर हा तवा चालतो, बहिणीकडे बघितलं. पण घासत सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा, आणि सुरुवातीलाच पूर्ण पॉवर द्यायची नाही. ज्यांचं मनगट किंवा खांदा दुखतो त्यांनी ९ इंची घ्यावा. घावन लहान होतील, चवीत फरक नाही.

दुकानदार आता बिडाचं आप्पेपात्रही घ्या म्हणून मागे लागलाय. बघून आले. मधला खळगा थेट आचेवर आणि कडेचे सगळे लांब, बिडात ही उष्णता कडेपर्यंत पोचेस्तोवर मधला आप्पा कोळसा होणार. शिवाय प्रत्येक खळग्याला वेगळं वळण लावायचं. आहे ते ॲल्युमिनियमचं बरं आहे. त्यापेक्षा बिडाची खोलगट कढई पाहून ठेवली आहे, पिठल्यासाठी.