नॅटहर्सचं अपडेट आणि नैऋत्येची बेडरूम

मेलबर्नमध्ये नवं घर बांधायचं तर परमिटच्या कागदांबरोबर घराचे तारे, म्हणजे ऊर्जेचं रेटिंग, जोडावे लागतात. ते काढून देणं हे माझं काम. प्लॅन आला की मी तो भिंतीमागून भिंत असा ट्रेस करते, खिडक्या, छत, स्लॅब, शेजाऱ्याच्या भिंतीची सावली सगळं भरते. मग सॉफ्टवेअरमधलं हिशोब करणारं इंजिन वर्षाचे 8760 तास एकेक करून चालवतं आणि सांगतं, की हे घर हिवाळ्यात उबदार आणि उन्हाळ्यात गार ठेवायला दर चौरस मीटरला किती मेगाज्यूल लागतील. त्यावरून 0 ते 10 तारे. ऑस्ट्रेलियातल्या या रेटिंग योजनेचं नाव नॅटहर्स. सॉफ्टवेअर अ‍ॅक्युरेट घ्या, बर्स प्रो घ्या, फर्स्टरेट5 नाहीतर हीरो, आत इंजिन एकच, सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचं चेनाथ. म्हणून मी कोणतं सॉफ्टवेअर वापरते ते बाजूला ठेवून त्या इंजिनच्या अपडेटबद्दलच लिहिते आहे.

बांधकाम संहितेच्या 2022च्या आवृत्तीने नव्या घरांची अट 6 ताऱ्यांवरून 7वर नेली. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, ती 1 मे 2024पासून लागू झाली. लोकांना एवढंच माहीत असतं. पण त्याच सुमाराला मोजायची फूटपट्टीही बदलली, आणि माझी फजिती तिथेच झाली.

पुण्याहून आलेलं एक जोडपं, शहराच्या वायव्येला प्लॉट, हवामान झोन 60, म्हणजे टलामरीनचा. त्यांचा कच्चा प्लॅन मी इंजिनच्या जुन्या आवृत्तीत चालवून पाहिला होता आणि 7.0 आले म्हणून सांगून टाकलं होतं. परमिटची वेळ आली तोवर मी अपडेट टाकलं होतं. तीच फाइल, 6.6. वहिनींचा फोन आला, "ताई, आम्ही एक खिडकीसुद्धा हलवली नाही, मग तारे गेले कुठे?" प्रश्न अगदी रास्त होता. कोणत्या आवृत्तीचा आकडा आहे हे मी सांगायला हवं होतं, ते सांगितलं नव्हतं. चूक माझीच.

त्या रविवारी मी त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊनच गेले. पहिली गोष्ट भिंतीची. जुन्या हिशोबात इन्सुलेशन भिंतभर सलग आहे असं धरलं जायचं. प्रत्यक्षात दर 450 किंवा 600 मिलिमीटरवर लाकडाचा स्टड उभा असतो आणि इन्सुलेशन त्यांच्या मधल्या जागेत बसतं. स्टडमधून उष्णता जास्त जाते. गोधडी शिवताना दर हातभर अंतरावर एक पट्टी नुसत्या एकेरी धोतराची लावावी, तशी ही भिंत. नवं इंजिन ही पट्टी मोजतं. फ्रेम स्टीलची असेल तर फटका कितीतरी मोठा, कारण स्टीलमधून उष्णता लाकडाच्या शेकडो पट वेगाने वाहते. दुसरी गोष्ट हवामानाची. नव्या हवामान फाइल 1990 ते 2015 या काळातल्या नोंदींवर बेतलेल्या आहेत. माझ्या जवळजवळ प्रत्येक जुन्या फाइलमध्ये कूलिंगचा आकडा वर गेला. गेल्या काही जानेवारींत इथे राहिलेल्या कुणालाही हे पटेल.

मग मी खोलीवार तक्ता उघडला. सगळ्यात वाईट आकडा मास्टर बेडरूमचा होता. वास्तुशास्त्राप्रमाणे ती नैऋत्येला, पश्चिमेला मोठी खिडकी. आपल्याकडे दक्षिणेचं ऊन हिवाळ्यात घरात येतं. इथे सूर्य उत्तरेकडून जातो, त्यामुळे नैऋत्येची खोली जून-जुलैत जवळजवळ दिवसभर सावलीत. डिसेंबरात उलट, सूर्य नैऋत्येला मावळतो आणि संध्याकाळचं तिरपं ऊन थेट पलंगावर. दोन्ही ऋतूंत मार. इंजिन धरून चालतं की बेडरूम रात्रभर 15 अंशांखाली जाऊ द्यायची नाही, आणि त्या खोलीला त्यासाठी जळणारी ऊर्जा तक्त्यात ठळक दिसत होती.

दादांनी एवढंच विचारलं, "खोली हलवावी लागेल का?" मी नाही म्हटलं, आणि मनापासून म्हटलं. कुणाच्या श्रद्धेला हात लावून तारे मिळवायचे नसतात, मार्ग असतोच. पश्चिमेची खिडकी काढून तिथे कपाटं घेतली, दक्षिणेला बेताची खिडकी ठेवली. भिंतीत आर2.0च्या जागी आर2.7 इन्सुलेशन (आर जितका मोठा, तितकी उष्णता जास्त अडते). साध्या अ‍ॅल्युमिनियमच्या डबल ग्लेझिंगचा, म्हणजे दुहेरी काचेचा, यू-व्हॅल्यू 4.8 होता (हा जितका कमी तितकी उष्णता कमी जाते), तिथे बैठकीपुरत्या थर्मली ब्रोकन, म्हणजे आतला आणि बाहेरचा धातू तोडणाऱ्या, फ्रेम घेतल्या. 7.1 आले. हीटिंग आणि कूलिंग या दोन्ही मर्यादा वेगवेगळ्या पाळाव्या लागतात, त्याही बसल्या. जुन्या आवृत्तीत ही खोली तशीच राहिली असती आणि सर्टिफिकेटवर सगळं छान दिसलं असतं. अपडेटबद्दल माझं मत तिथेच ठरलं.

होल ऑफ होम हा भाग मात्र अजून मला नीट अंगवळणी पडलेला नाही. हीटर-एसी, गरम पाणी, दिवे, पूलचा पंप, सोलर यांचा वेगळा गुण निघतो, घराला 100पैकी किमान 60 हवेत. कल्पना चांगली आहे. पण ग्राहकाने एसीचं मॉडेलच ठरवलेलं नसतं, आणि नुसत्या अंदाजाने भरलं की गुण फसवा निघतो. मी आता सुरुवातीलाच उपकरणांची यादी मागून घेते.

तक्रार एकच, पण मोठी. मी वापरते त्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी फाइल नव्या आवृत्तीत उघडली की काही खिडक्यांचे कोड लायब्ररीत सापडत नाहीत आणि त्यांच्या जागी डिफॉल्ट खिडकी बसते. सूचना येते ती पानाच्या तळाला बारीक अक्षरात. एकदा बारा खिडक्यांपैकी तीन अशा बदललेल्या मला अगदी सर्टिफिकेट काढायच्या आधी दिसल्या. तीन खिडक्यांनी अर्धा तारा इकडचा तिकडे होतो, आणि त्यावर कुणीतरी लाखभर डॉलरचे निर्णय घेत असतं. ही सूचना स्क्रीनच्या मधोमध, लाल रंगात यायला हवी.

या कामात नवीन असाल तर हातातलं काम ज्या आवृत्तीत सुरू केलं त्यातच संपवता येतंय का ते आधी बघा, जुन्या आवृत्तीला मुदत असते. फाइलची प्रत आवृत्तीचा क्रमांक नावात घालून वेगळी ठेवा. अपडेटनंतर पहिल्यांदा खिडक्यांची यादी प्लॅनशी ओळीने ताडून पाहा, मग तारे बघा. आणि ग्राहकाला आकडा सांगाल तेव्हा कोणत्या आवृत्तीचा ते त्याच वाक्यात सांगा. मी आता ईमेलच्या विषयातच लिहिते.