काट्यांच्या रानात कुठला वळू? सँटा गर्ट्रुडिस आणि ब्रँगस

दक्षिण टेक्सासात मांसासाठी गुरं पाळायची ठरवल्यावर बहुतेकांचं घोडं वळूपाशी अडतं. मी सँटा गर्ट्रुडिस आणि ब्रँगस या दोन्ही जातींचे वळू वापरले आहेत. ऊन आणि गोचीड दोघंही सोसतात. दोघांत आठांतले तीन हिस्से ब्राह्मन या अमेरिकेतल्या वशिंडाच्या गुरांच्या जातीचे. उरलेले पाच सँटा गर्ट्रुडिसमध्ये शॉर्टहॉर्न या विलायती जातीचे, ब्रँगसमध्ये अँगस या विलायती जातीचे. ब्राह्मनच्या घडणीत गीर, काँक्रेज, ओंगोल आणि थोडी आपल्या कृष्णाकाठची गुरंही आहेत, म्हणून मला या जातींची माया जरा जास्तच.

सँटा गर्ट्रुडिस ही दक्षिण टेक्सासातल्या किंग रँच या मोठ्या गुरांच्या रानाची देणगी. १९२० साली जन्मलेल्या 'मंकी' नावाच्या वळूवर ती उभी राहिली आणि १९४० साली तिला सरकारी मान्यता मिळाली. गाई दुधाला चांगल्या, वासरं लवकर अंग धरतात. भर दुपारीही हा लाल कळप चरताना दिसतो. काळी ब्रँगस माझ्याकडे तरी अकरालाच झाड गाठते.

तरीही माझा निर्णय झाला तो वळूच्या पोटाखालच्या कातडीवरून. लिंगाभोवतीची ही कातडी सँटा गर्ट्रुडिसमध्ये बऱ्याचदा फार खाली लोंबते. मोकळ्या गवतावर त्याने काही बिघडत नाही. माझ्या रानात मात्र वेड्या बाभळीच्या कुळातलं मेस्किट आणि फड्या निवडुंग दाट आहे. काटा लागतो, सूज येते, आतलं अस्तर बाहेर येऊन अडकतं, त्यावर माश्या बसतात. लंगडा वळू लांबून ओळखू येतो, हा नाही. तो कळपात हिंडत राहतो, गाईंचे माज वाया जातात, आणि पुढच्या वर्षी वासरं उशिरा येतात किंवा येतच नाहीत. वेळेवर कळलं तरी एवढं धूड रोज खोड्यात घालून जखम धुवायची, मलम लावायचं. तोवर हंगाम सरतो.

ब्रँगसलाही हे होतं. ब्रँगससारख्या बिनशिंगी जातींत ती कातडी आत ओढणारा स्नायू कमजोर असू शकतो, असं पशुवैद्य सांगतात. पण माझ्या ब्रँगस वळूंची कातडी पोटाला धरून होती आणि हा त्रास मला पुन्हा झाला नाही. शिवाय काळ्या वासरांना गिऱ्हाईक लवकर मिळतं.

तुमचं रान किनाऱ्याकडचं, मोकळ्या गवताचं असेल तर सँटा गर्ट्रुडिस खुशाल घ्या. काटे असतील तर मी सावलीची सोय करून ब्रँगसच घेईन. कुठलाही घ्या, पण वळू चालवून बाजूने बघा. पुढच्या गुडघ्यापासून मागच्या पायाच्या सांध्यापर्यंत नजरेने रेघ धरा. कातडी त्या रेघेखाली गेली असेल तर तो वळू सोडून द्या.