हार्लेक्विन रासबोरा आणि झाडांनी भरलेला टँक : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

टँक २ फुटी, साधारण ६० लिटरचा. त्यात १२ हार्लेक्विन रासबोरा (थव्याने राहणारे लहान मासे), तळाशी ६ पिग्मी कोरीडोरास (तळाला राहणारे छोटे मासे), आणि उरलेली सगळी जागा पाण्यातल्या झाडांची. नवीन टँक लावल्या लावल्या लिहिलेले अनुभव भरपूर वाचायला मिळतात पण खरं चित्र नंतरच कळतं, म्हणून आता नवेपणा उतरल्यावर लिहितेय.

सुरुवातीला हे मासे बघून कुणीही म्हणेल की यात काय एवढं. फिकट, मळकट गुलाबी अंग, मागच्या अर्ध्या भागावर काळा त्रिकोण, आणि सगळे एका कोपऱ्यात चिकटून. रंग चढायला वेळ लागतो बघा. झाडं वाढली, वरून सॅल्व्हिनिया हे तरंगणारं झाड पसरून उजेड थोडा मंद झाला, तसे हळूहळू ते तांबूस-केशरी होत गेले आणि त्रिकोण इतका गडद झाला की काळ्या मखमलीसारखा दिसतो. उघड्या लख्ख टँकमध्ये हेच मासे ठेवले तर हा रंग येत नाही. मूळचे ते मलाय द्वीपकल्प आणि सुमात्राकडचे, तिथल्या जंगलातल्या संथ ओढ्यांत पानं कुजून पाणी चहासारखं झालेलं असतं, वरून सावली असते. तेवढी सावली आपण दिली की बाकीचं ते बघून घेतात.

आता थव्याबद्दल, कारण मासे घेताना जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात तेच असतं, सगळे एका ओळीत, एका दिशेला, एकदम वळणारे. खरं सांगू का, हार्लेक्विन असे एकदम गच्च होऊन पोहायला लागले की मी आधी बघते काय बिघडलंय. घाबरले की ते जवळ येतात, एकट्याला टिपणं अवघड जावं म्हणून. टँकसमोरून कुणी पटकन गेलं, लाइट अचानक लागला, की लगेच गोळा. निवांत असले की मोकळे पसरतात, दोघं इकडे, चौघं झाडामागे, एखादा अगदी वर, पण एकमेकांच्या नजरेत राहून. त्यामुळे टँकमधला सैल थवा बघून "हे तर स्कूलिंग (थवा करून पोहणं) करतच नाहीत" अशी तक्रार कुणी केली की मला वाटतं, अहो उलट चांगलं चाललंय तुमचं.

आणि हे निवांतपण संख्येतून येतं. सगळीकडे किमान ६ लिहिलेलं असतं, ६ वर मासे जगतात हे खरं, पण माझं स्पष्ट मत आहे की जागा असेल तर १० च्या खाली जाऊ नका, आणि चार जातींचे तीन-तीन घेण्यापेक्षा एकाच जातीचे बारा घ्या. कमी असले की सगळी धुसफूस एक-दोन दुबळ्या माशांवर निघते, जास्त असले की ती वाटली जाते आणि कुणालाच त्रास होत नाही. शिवाय खरं वागणं तेव्हाच दिसतं.

त्या वागण्यातला माझा सगळ्यात आवडता भाग सांगते. नर-मादी ओळखायला त्रिकोणाची खालची कड बघायची, नराची पुढच्या टोकाला अणकुचीदार आणि मादीची तेवढी नाही, मादी पोटाकडे भरलेलीही असते. बऱ्याचदा सकाळी लाइट लागल्यावर थोड्या वेळात एखादा नर मादीच्या समोर येऊन थरथरायला लागतो आणि तिला क्रिप्टोकोरिन या पाणवनस्पतीच्या रुंद पानाकडे नेतो. मग मादी पानाखाली जाते, पोट वर करून, म्हणजे अक्षरशः उलटी होऊन, पानाच्या खालच्या बाजूला अंग घासते, नर तिच्याभोवती शेपूट वळवतो आणि क्षणात दोघं सुटे. तिथे बारीक पारदर्शक अंडी चिकटलेली असतात. रासबोरा कुळातले बरेचसे मासे अंडी नुसती पाण्यात विखरून देतात, हे मात्र पानाखाली चिकटवतात. १९०४ मध्ये मत्स्यतज्ज्ञ डंकर यांनी या माशाचं वर्णन केलं तेव्हा तो रासबोरा वंशातच धरला होता, १९९९ मध्ये याच्यासाठी आणि याच्या जवळच्या जातींसाठी ट्रायगोनोस्टिग्मा असा वेगळा वंश केला. अंड्यांचं म्हणाल तर अशा टँकमध्ये ती टिकत नाहीत, बाकीचे खाऊन टाकतात, पिल्लं हवी असतील तर वेगळा टँक आणि मऊ (कमी क्षारांचं), आम्लधर्मी पाणी लागतं. मला पिल्लं नकोत, ते उलटं होणं बघायला मिळतं तेवढं पुरे.

झाडांचं थोडक्यात. क्रिप्टोकोरिन नवीन लावली की पानं वितळल्यासारखी होऊन गळतात, घाबरून उपटू नका, मुळं शाबूत असतात आणि नवीन पानं येतात, फक्त गळलेली पानं काढत राहा. जावा फर्न आणि अनुबियास यांचं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, पुरलं की कुजतं, लाकडाला दोऱ्याने बांधा. ही तीन झाडं असली की सीओटू गॅसची भानगड लागत नाही, मध्यम लाइट पुरतो. लाइट रोज ७-८ तास, टायमरवर, जास्त ठेवलात की शेवाळ आलंच. सुरुवातीला काचेवर जो तपकिरी थर येतो तो नवीन टँकमध्ये येतोच, हाताने पुसला जातो आणि आपोआप कमी होतो, त्यासाठी औषधं ओतत बसू नका.

मासे टाकायच्या आधी टँकची सायकल पूर्ण होऊ द्या, ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कमीच. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो, फिल्टरमधले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पहिले दोन विषारी, तिसरं बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि तेही झाडं खातात. हे जीवाणू बसायला काही आठवडे जातात. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत थांबायचं, आणि मग मासे आणले की टेस्ट काही दिवस चालू ठेवायची. माझ्याकडे आता आठवड्याला पाव टँक पाणी बदलणं, क्लोरीन काढायचं औषध टाकून, एवढंच रूटीन राहिलंय. फिल्टरचा स्पंज कधीही नळाखाली धुऊ नका, टँकमधून काढलेल्याच पाण्यात हलकासा पिळा, नाहीतर जीवाणू जातात.

तापमान २४ ते २६ मध्ये ठेवते. पाणी थोडं जड (जास्त क्षारांचं) असलं तरी फार्ममध्ये वाढलेले हार्लेक्विन सहन करतात, त्यासाठी पीएच खालीवर करणारी रसायनं वापरण्यापेक्षा पाणी एकसारखं राहणं जास्त महत्त्वाचं. खायला बारीक दाणा, कारण तोंड लहान आहे, आणि मधूनमधून फ्रोझन डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव), ते दिलं की सगळे वर झेपावतात. कोरीडोरास बिचारे तळाशी, त्यांच्यासाठी बुडणारी गोळी लाइट बंद झाल्यावर वेगळी टाकावी लागते. वरून पडलेलं उरेल आणि ते खातील या भरवशावर राहू नका, हार्लेक्विन काही उरू देत नाहीत.

न आवडलेलं काय? घेताना जाती मिसळलेल्या मिळतात हा एक त्रास, माझ्या घोळक्यात एक लॅम्बचॉप रासबोरा निघाला, त्याचा काळा पट्टा अरुंद असतो. तो मिळूनमिसळून राहतोय पण मुद्दाम एकच जात मागितली होती हो. सोबतीला टायगर बार्ब नको, पंख कुरतडतात, आणि एंजल फिश तर अजिबात नको, आज छोटा दिसतो पण मोठा झाला की हे लहान मासे गिळू शकतो. चेरी श्रिंप (छोट्या कोळंब्या) चालतात, हार्लेक्विन मोठ्या श्रिंपना काही करत नाहीत, त्यांची पिल्लं मात्र दिसली की संपली, दाट मॉस असेल तर थोडी वाचतात.

आणि झाकण घ्याच. हार्लेक्विन घाबरले की उडी मारतात, फिल्टरच्या पाइपसाठी ठेवलेल्या फटीतूनसुद्धा बाहेर येऊ शकतात, मी तिथे स्पंजचा तुकडा कापून बसवलाय.