रोटेटरच्या वरचं बेअरिंग: कंपनीचं घ्यावं की जिनिंगवाल्यांचं?

हॅम रेडिओचा अँटेना हव्या त्या दिशेला फिरवणारी मोटर म्हणजे रोटेटर. अँटेनाचा उभा पाइप, म्हणजे मास्ट, त्याच्या वर धरायला हे बेअरिंग लागतं. दोन मीटर बँडच्या छोट्या यागी अँटेनाला हा प्रश्न पडत नाही, रोटेटर एकटा निभावतो. पण एचएफचा (शॉर्टवेव्हचा) मोठा बीम अँटेना आणि लांब मास्ट असेल, तर टॉवरच्या माथ्यावर बेअरिंग हवंच. रावेर-यावलच्या केळीबागा झोपवणारं वादळ मास्टलाही तसंच आडवं रेटतं.

याएसू कंपनीच्या जीएस-065 सारखं तयार थ्रस्ट बेअरिंग हलकं, अ‍ॅल्युमिनियमचं. तीन बोल्ट सारखे आवळले की पाइप मध्यावर येतो, जाडी थोडी कमीजास्त असली तरी चालते. पण छर्रे उघडेच म्हणायचे. आपल्याकडची उन्हाळ्यातली काळ्या मातीची धूळ ग्रीसला चिकटते आणि छर्रे घासत जातात. म्हणून ग्रीस बेताचंच लावा, पावसाळ्याआधी धुऊन बदला.

जिनिंग आणि दालमिलमधलं चौकोनी फ्लँजचं यूसीएफ बेअरिंग सीलबंद असतं, ग्रीस निपल असतं आणि जळगाव-धुळ्यात बेअरिंगच्या दुकानात मिळतं. प्लेट जराशी तिरपी असली तरी सांभाळून घेतं. (यूसीपी नको, त्याची बैठक आडव्या शाफ्टसाठी.) गोम मापात आहे. दीड इंची जीआय पाइप बाहेरून 48.3 मिमी, यूसीएफ 210 चं भोक 50. नुसते ग्रब स्क्रू (आतल्या रिंगेतून पाइप धरणारे बिनडोक्याचे स्क्रू) आवळले तर पाइप एका बाजूला सरकतो आणि दर फेरीला रोटेटरला हिसका बसतो. पाइपभोवती 0.8 मिमीचा पत्रा गुंडाळून मगच बसवा.

एवढी खटपट करायची तयारी असेल तर माझं मत यूसीएफला. नसेल तर कंपनीचंच बरं.

वजन मात्र दोन्हींत रोटेटरवरच ठेवा. मास्ट आधी खाली नीट टेकू द्या, वरचे बोल्ट त्यानंतर आवळा.

रोटेटरमधल्या छर्‍यांची निगा कशानेच टळत नाही. हॅम-4 रोटेटरमध्ये दोन रिंगांत मिळून शंभराच्या आसपास छर्रे असतात, तेव्हा तो परातीतच उघडा. एखादा गंजला तरी पूर्ण संच बदला. नवाजुना मिसळला की जरा मोठ्या छर्‍यांवरच भार येतो. जुनं ग्रीस डिझेलने पूर्ण काढा. लिथियम आणि बेंटोनाइट ग्रीस एकत्र आलं तर पातळ होऊन गळतं, आणि रंगावरून प्रकार ओळखता येत नाही.

रोटेटर खाली उतरवताना यूसीएफच्या दोन ग्रब स्क्रूंच्या भरवशावर बीम लटकत ठेवू नका. मास्टला क्लॅम्प बांधून तो टॉवरच्या प्लेटवर टेकवा, मग खालचे नट सोडा.